अर्धा उकरलेला हौदा

“हो की नाही? एवढंच सांगा, वस्ताद. तिसरं काही नको.”

तनुजा तालमीच्या उंबऱ्यावर उभी होती. पायात चप्पल तशीच. या उंबऱ्यावर चप्पल घालून पाऊल टाकायचं नसतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. म्हणूनच तिने ती काढली नव्हती.

दस्तगीर वस्ताद खाली कुस्तीच्या हौद्यात होते. कमरेत वाकून फावड्याने लाल माती उलटीपालटी करत होते. अर्धा हौदा उकरून झाला होता. अर्धा बाकी होता.

“कशाचं हो की न्हाई?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“मी परत कुस्ती खेळेन की नाही?”

फावडं मातीत गेलं. एक ढेकूळ उलटलं, फुटलं.

“माहीत न्हाई,” वस्ताद म्हणाले.

…

तनुजा ‘हो’ची तयारी करून आली होती. ‘नाही’चीही. दोन्हींवर काय बोलायचं ते डॉक्टरांकडून परतताना एसटीत बसल्या बसल्या ठरलेलं होतं.

“माहीत नाही म्हणजे?”

“म्हंजी माहीत न्हाई.”

“डॉक्टरही हेच म्हणतात.”

“मग डाक्टर खरा मानूस दिसतोय.”

तिच्या कानशिलांवर रक्त चढलं. दीड वर्षापूर्वी, राज्याच्या निवड चाचणीत, समोरचीचा पट काढायला ती तिच्या पायांवर झेपावली आणि उजव्या गुडघ्यातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. तो आवाज तिला अजून ऐकू येत होता. ऑपरेशन झालं. सगळे म्हणाले, दिवाळीपर्यंत मैदानात दिसशील. दिवाळी गेली, दुसरं ऑपरेशन आलं. सगळे म्हणाले, गावच्या जत्रेपर्यंत नक्की. जत्राही गेली. पाळणे उतरले, मिठाईची दुकानं उठली, तनुजा खिडकीतून बघत राहिली.

आता डॉक्टर म्हणत होते, चालशील, जिना चढशील. कुस्तीचं आज सांगता येत नाही. व्यायाम मात्र रोज कर, नाहीतर गुडघा आखडेल.

महिना झाला, तिने व्यायाम सोडून दिला होता. गुडघा आखडत चालला होता. खाली मांडी घालून बसणं बंद झालं होतं.

“हे बघा,” ती म्हणाली, “सरळ हिशेब आहे. तुम्ही हो म्हणालात, तर आजपासून व्यायाम सुरू. नाही म्हणालात, तर सोडून देते. बीएस्सी झालेय, नोकरी बघते, मोकळी होते. पण हे अधांतरी लटकणं मला जमायचं नाही.”

“माझ्याच सांगन्यावर का? गावात मानसं कमी हायत व्हय?”

“माणसं!” ती तडकली. “मावशीने अंगारा आणला. मामांनी कोणा पैलवानाची गोष्ट आणली, त्याचे म्हणे दोन्ही पाय गेले होते आणि तरी त्याने गदा जिंकली. कुठला पैलवान, कधी जिंकली, विचारलं की मामा चहा पितात. आमचे खेळाचे सर रोज सकाळी मोबाइलवर उगवत्या सूर्याचं चित्र पाठवतात. खाली लिहिलेलं असतं, हार मानू नकोस. दीड वर्ष रोज सूर्य उगवतोय, वस्ताद, माझा गुडघा तिथेच आहे!”

वस्तादांच्या मिशा हलल्या. हसले असावेत.

“या मोठ्या माणसांना गप्पच बसता येत नाही. पोरगी रडतेय ना, मग द्या तिच्या हातात एक तारीख. तारीख उलटली की दुसरी द्या. त्यांचं काय जातं? झोप माझी जाते.”

“आनि मी काय दिलं तुला?”

तनुजाला दवाखाना आठवला.

दवाखान्यात वस्ताद एकदा आले होते. खाटेजवळच्या स्टुलावर बसले. लोकांनी आणलेल्यातलं एक सफरचंद उचललं, चाकूने कापलं, अर्धं तिला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. एक शब्द बोलले नाहीत. उठले आणि गेले.

“तुम्ही काहीच दिलं नाहीत,” ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. “खोटं बोलला नाहीत. म्हणून तर तुमच्याकडे आले.”

“आता खोटं बोलू म्हंतीस?”

…

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. कौलांमधल्या काचेतून उजेडाचा एक पट्टा तिरका हौद्यात पडला होता. ताक, तेल आणि हळद मुरलेल्या मातीचा वास तिच्या नाकात भरला आणि तिला एकदम रडू आलं. तिने ते रागावर मारून नेलं.

ओढणीच्या गाठीतून तिने एक किल्ली काढली. पहाटे सगळ्यांच्या आधी तीच यायची म्हणून वस्तादांनी कधीकाळी तालमीची एक किल्ली तिच्याकडे देऊन ठेवली होती.

“ही घ्या.”

वस्तादांनी दोन्ही तळवे पुढे करून दाखवले. लालभडक.

“हात मातीचं हायत. ऱ्हाऊ दे तुझ्याकडं.”

“मग इथे ठेवते.”

“तिथं घुशी हायत. नेत्यात.”

“किल्ली नेतात?”

“आमच्या घुशींचं काय सांगता येत न्हाई.”

किल्ली तिच्या मुठीतच राहिली. म्हाताऱ्याशी भांडायला यावं तर तो भांडतही नाही, याचा तिला आणखी संताप आला.

“आणि तुम्ही तरी हे काय करताय?” तिने हौद्याकडे हात केला. “गावातली पोरं तालुक्याला मॅटवर गेली. उरलेली मोबाइलवर. या मातीत शेवटची कुस्ती कधी झाली, आठवतंय? तरी रोज उकरायचं. आज ना उद्या कुणीतरी येईल, अशी आशा. माझ्या मावशीत आणि तुमच्यात फरक काय?”

वस्तादांनी फावडं मातीत उभं रोवलं. त्यावर हात ठेवून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

“आशा म्हंजी काय गं? तू शिकलीयास. सांग मला.”

“सोपं आहे. पुढे चांगलं होईल, असं पुराव्याशिवाय धरून चालणं.”

वस्तादांनी विचार केला. पटल्यासारखी मान हलवली.

“मग ती माझ्याकडं न्हाई.”

“नाही?”

“न्हाई. कोन यील असं मला काय वाटत न्हाई.”

“तरी उकरता?”

“तरी उकरतो.”

“कशासाठी?”

…

वस्तादांनी फावडं उचलून कडेला टेकवलं. हौद्याच्या मधोमध आले. उकरलेल्या आणि न उकरलेल्या मातीच्या मधली रेघ पायाने चाचपली आणि एक पाऊल उकरलेल्या बाजूला सरकले.

मग त्यांनी शड्डू ठोकला.

सत्तरी ओलांडलेल्या मांडीवरचा तो आवाज रिकाम्या तालमीत घुमला. कौलांतली पाखरं उडाली. पंचक्रोशीत हा माणूस एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होता. त्याची पाठ मातीला कुणी लावली नव्हती. जत्रेत दोन घोट चहा पोटात गेला की तो स्वतःच सांगायचा, “दस्तगीर मुलाण्याला चितपट करनारा अजून जन्माला यायचाय.”

तो दस्तगीर मुलाणी हात पसरून उभा राहिला, डोळे मिटले आणि तसाच्या तसा मागे कोसळला.

धप्प!

“वस्ताद!”

तनुजा धावली. लंगडत, पण धावली. एक चप्पल उंबऱ्यात राहिली, दुसरी हौद्याच्या काठावर. तिने आत उडी टाकली, आणि नेहमीच्या सवयीने गुडघे दुमडून त्यांच्याजवळ बसायला गेली.

उजवा गुडघा दुमडलाच नाही.

पडतेय, एवढंच तिला कळलं. दीड वर्ष ती याच क्षणाला भीत आली होती. न्हाणीघरात भिंत धरून, जिन्यात कठडा धरून, एसटीत दांडा धरून. आता धरायला काहीच नव्हतं. तिने दात आवळले आणि तो काडी मोडल्याचा आवाज यायची वाट पाहिली.

…

आवाज आला नाही.

ती वस्तादांच्या शेजारी आडवी पडली होती. तोंडात माती, केसांत माती. मऊ, गार, पिठासारखी भुसभुशीत माती. गुडघा ठणकला, आणि मग ठणकायचा थांबला.

शेजारी वस्ताद आकाश बघावं तसे कौलं बघत होते.

“लागलं का?” त्यांनी विचारलं.

“नाही… तुम्हाला?”

“न्हाई. बरी झालीया माती.”

तनुजाला काय झालं कुणास ठाऊक. ती हसत सुटली. हसता हसता रडली. नाक पुसलं तर नाकालाही माती लागली. वस्ताद तसेच पडून राहिले. ना तिला गप्प केलं, ना डोक्यावर हात ठेवला.

“तुम्हाला चितपट केलं ना शेवटी,” ती म्हणाली.

“कुनी?”

“तुम्हीच.”

“मग धरत न्हाईत,” वस्ताद म्हणाले. “बाहेर बोलू नको कुठं.”

बऱ्याच वेळाने ते कुशीवर वळले, हातांवर जोर देऊन उठले. तिला उठवायला हात दिला नाही. ती वाट बघत होती. हात येत नाही म्हटल्यावर तिने कडेचं फावडं ओढून घेतलं, त्याच्या आधाराने आधी डावा पाय रोवला, मग उजवा. उभी राहिली.

उभं राहिल्यावर तिचा पाय रेघेपलीकडे पडला. न उकरलेल्या अर्ध्या हौद्यात.

तळव्याला चटका बसावा तसा तो मागे आला. तिने पुन्हा टेकवून पाहिला. दगड. फरशी झाली होती नुसती.

“हे असं कसं?”

“चार दिस ताप होता मला. हात लागला न्हाई.”

“चार दिवसांत एवढं?”

“मातीला काय कळतंय, मानूस तापानं पडलंय का रुसून बसलंय?”

तनुजाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. वस्ताद अंगावरची माती झटकत होते. चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

तिचा हात आपोआप गुडघ्याकडे गेला.

…

तिने दुसऱ्या हाताची मूठ उघडली; किल्ली आतच होती. ती तिने ओढणीच्या टोकाला परत बांधली. ओढणी कमरेला खोचली. फावडं दोन्ही हातांनी धरलं आणि कडक मातीवर मारलं. नुसताच खण्ण आवाज झाला.

“वाकून,” वस्ताद म्हणाले.

“गुडघा वाकत नाही.”

“वाकंल तेवढा वाकीव.”

वाकला तेवढा तिने वाकवला. फावड्याचं पातं बोटभर आत गेलं. कळ मांडीपर्यंत चढली. तिने एक अस्सल गावरान शिवी हासडली. वस्तादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि काठावर जाऊन उकिडवे बसले.

दुसरा घाव. तिसरा. एक ढेकूळ सुटलं. तिने ते फावड्याच्या पाठीने फोडलं.

“तरी सांगाच,” ती धापा टाकत म्हणाली. “मी परत खेळेन का?”

“माहीत न्हाई.”

या वेळी तिला राग आला नाही. तिने पुन्हा पातं रोवलं.

“मला माहीत नाही. तुम्हाला माहीत नाही. इथे कोण येणार, कोण जिंकणार, कशाचाच पत्ता नाही… मग एवढी मऊ माती करायची तरी कोणासाठी, वस्ताद?”

वस्तादांनी काठावरचं एक ढेकूळ उचललं. बोटांत धरून हळूहळू चुरलं आणि तो चुरा तिच्या पायांपाशी सोडला.

“जिंकनाऱ्याला कसली बी माती चालती, पोरी. मी पडनाऱ्यासाठी उकरतो.”