थोरली परत येते तेव्हा

“मग थोरलीला परत गादीवर बसवू ना, काका?”

निनाद शेवड्याचं बोट बटणावर होतं. हुद्दारकाका दारात चपला काढत होते. काविळीनं बावीस दिवस घरी पडून होते, आज पहिल्यांदाच आले. दोन जिने चढून धाप लागली होती, आणि आल्या आल्या हा प्रश्न.

रक्तपेढीची ही सर्व्हरची खोली. पेढीच्या सगळ्या नोंदी दोन डिस्कवर. मुख्य ती थोरली. थोरलीवर पडेल ते जसंच्या तसं उतरवून घेते ती धाकटी. नावं काकांचीच, चिकटपट्टीवर शाईनं लिहिलेली.

सकाळी साडेसातला वीज गेली. जनरेटर उठलाच नाही. वीज आली तेव्हा थोरलीनं मान टाकली होती. निनादनं पाच मिनिटांत धाकटीवर काम सुरू केलं. काम चोखच केलं, पण शाबासकी द्यायला कोणी नव्हतं, म्हणून सकाळपासून पठ्ठ्या आपली पाठ आपणच थोपटत होता.

आता दुपारचा एक वाजला होता. थोरली दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाली होती.

“शेवटी मूळ ते मूळ,” निनाद म्हणाला. “धाकटी म्हणजे नक्कल. थोरलीवरचं धाकटीवर उतरवलं की दोघी सारख्या. पहिल्यासारखं.”

काका भिंतीला टेकले.

“सकाळपासून काय काय झालं?”

“वीज गेली, मग मी लगेच…”

“तुझं नको रे. पेढीचं सांग.”

निनादनं पडद्यावर पाहिलं. “एक्केचाळीस पिशव्यांची नोंद झाली. आणि… कालच्या दोन पिशव्या चांगल्या म्हणून नोंदवल्या होत्या, त्या फेरतपासणीत बाद झाल्या.”

“कुठे आहेत त्या?”

“फ्रिजमध्येच आहेत अजून.”

“बाद झाल्यात, हे थोरलीला ठाऊक आहे?”

निनादचं बोट बटणावरून खाली आलं. थोरलीच्या लेखी अजून सकाळचे साडेसातच वाजले होते. तिच्या लेखी त्या दोन पिशव्या चांगल्या होत्या. त्यानं बटण दाबलं असतं, तर धाकटीच्याही लेखी त्या चांगल्या झाल्या असत्या. मग कुणाच्या तरी शिरेत…

त्यानं खुर्ची मागे सरकवली.

“पण काका, थोरलीनं धाकटीकडून उतरवून घ्यायचं? तिच्यावर तर थोरली असं लिहिलंय.”

“लिहिलं मीच,” काका थकल्या आवाजात म्हणाले. “असं कायमचं पट्टीवर लिहायला नको होतं.”

निनादनं दिशा उलटी केली. धाकटीवरचं थोरलीवर उतरू लागलं. आकडे हळूहळू पुढे सरकत होते. दोघंही नुसते बघत राहिले.

मग निनादला एकदम भान आलं. तो काकांच्या खुर्चीवरून उठला, हातानंच ती पुसली.

“बसा ना, काका. तुमची खुर्ची…”

काका बसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढलं, कण्हत त्यावर टेकले. खिशातून वही काढली, कोरं पान उघडलं आणि खालून निनादकडे पाहिलं.

“हं, सांग. मी इथून जाऊन बावीस दिवस झाले. तिथपासून सुरू कर.”