गयाबाईची खाट

“पण पाइप बदलायची वेळ झाली, हे ओळखायचं कसं, आक्का?”

तापीआक्का पावटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा विश्राम. कृष्णाकाठच्या त्या छोट्याशा मठात सत्तावीस वर्षं आक्कांच्या पायाशी राहिलेला. मूळचा नळकाम करणारा मिस्त्री. गच्चीवरच्या टाकीपासून मोरीपर्यंतचा लोखंडी पाइप त्याने मठात आला त्याच वर्षी स्वतः घातला होता. माणूस हुशार. फक्त ती हुशारी दुसऱ्याच्या लक्षात यायला तो सवड देत नसे.

नवे पाइप एका भक्ताने महिन्यापूर्वीच आणून टाकले होते. विश्रामने त्यांच्यावर गोणपाट घातलं होतं.

“सकाळचं पाणी कसं येतं?” आक्कांनी विचारलं.

“पहिल्या दोन बादल्या तांबूस. त्या मी जास्वंदीला घालतो.”

“जोर?”

“जरा कमी. म्हणून आंघोळीच्या पाळ्या लावल्यात. कुणाची तक्रार नाही.”

“साबण लावून बसलेला माणूस तक्रार करायला येणार कुठून? भिंत कशी आहे?”

“ओल आहे थोडी. कोठी विटांवर चढवली. आता धान्याला काही होत नाही.”

“आणि गयाबाई?”

विश्रामने पावट्याची एक शेंग उचलली. सोलली नाही.

“खाट सरकवली.”

“किती?”

“दसऱ्याला दोन हात. दिवाळीला आणखी दोन...”

“आता कुठे आहे?”

“दाराशी.”

गयाबाई ही मठात आसऱ्याला आलेली म्हातारी. पायांनी अधू, छातीने त्याहून. भिंतीकडे ओल, दाराकडे वारा, आणि खाट मधे आल्याने दार लागत नव्हतं. यंदाची थंडी छातीत उतरली तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टर कालच सांगून गेले होते.

आक्का सुपली बाजूला सारून उठल्या आणि तिच्या खोलीकडे चालू लागल्या. विश्राम मागोमाग.

“आली का वरात?” गयाबाई खाटेवरूनच म्हणाली. “आता कुठं टाकतोस, इश्राम? अंगणात? का एकदम घाटावरच नेतोस? चौघांचे खांदे तरी वाचतील.”

हसता हसता तिला खोकला लागला.

पाइप भिंतीवरून डोक्याच्या उंचीने गेला होता. विश्राम लगबगीने तिकडे गेला.

“आक्का, हात लावून बघा. सात जोड मारलेत मी. एक जरी गळत असेल तर मी मिस्त्री नाही.”

आक्कांनी हात उंचावून एकेक जोड चाचपला. सावकाश. सातही.

“खरंच की. कोरडे आहेत.”

विश्रामची मान ताठ झाली.

“मग गळतं कुठून?”

“जोडाच्या शेजारून.”

“आणि ते बांधलंस की?”

“...त्याच्या शेजारून.”

“लई शहाणा पाइप हाय,” गयाबाई म्हणाली. “मिस्त्रीला वळखतो.”

“लोखंड चांगलं आहे, आक्का!” विश्रामचा आवाज चढला. “असलं आता मिळत नाही. बाजारात जाऊन बघा. आणखी दोन वर्षं सहज काढेल.”

“काढेल?”

“माझा शब्द.”

“मग झालं तर.” आक्का खाटेच्या पायथ्याशी गेल्या. “तू उशाकडून धर. खाट मूळ जागी नेऊ, पाइपाखाली. दार तरी लागेल.”

विश्रामने खाट धरली.

आक्कांनी आपली बाजू उचलली. ऐंशीच्या बाईने. विश्रामची बाजू जमिनीवरच.

“उचल.”

“नको, आक्का.”

“दोन वर्षं आहेत ना अजून?”

“तिथे नको... कधीही फुटेल तो. ही झोपेत असताना फुटला तर हिला उठताही यायचं नाही.”

आक्कांनी खाट खाली ठेवली.

“हे तुला कधी कळलं?”

“दसऱ्याला,” विश्राम म्हणाला.

गयाबाईने गोधडी गळ्यापर्यंत ओढली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

विश्राम तिच्याकडे बघेना. भिंतीवर ओलीचा डाग पार कोनाड्यापर्यंत चढला होता, तिकडे बघत उभा राहिला.

“माझ्या हातचा आहे, आक्का.”

“माहीत आहे.”

“मठात आलो तेव्हा दुसरं काहीच येत नव्हतं मला. ना भजन, ना पोथी. एवढंच येत होतं...”

विश्राम दाराकडे वळला. खाटेला वळसा घालून, अंग चोरून त्याला बाहेर पडावं लागलं.

“पेठेतल्या मिस्त्रीला बोलावून आणतो,” तो उंबऱ्याबाहेरून म्हणाला. “आजच काढायला सांगतो. तो काढेपर्यंत मी नाही थांबणार इथे.”

“टाकीचा कॉक बंद कर आणि करवत घेऊन ये,” आक्का म्हणाल्या. “ह्याला परका हात नको.”