ठकाईचा परस

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या पणज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, आपल्या बोरखडीत ठकाई नावाची एक पानाडी होती. पानाडी म्हणजे जमिनीतलं पाणी सांगणारी. उंबराची फांदी धरून ती रानातून चालायची, आणि फांदी वाकली की तिथं पाणी. ती निजली की तिच्या उशाखालून झरे खळखळायचे, असं म्हणतात. हसू नका. मी तरी कुठं ऐकायला गेलो होतो?

त्याच गावात केरबा होता. वय चौदा, अंगानं काडी, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. राहीबाई नावाच्या शेतकरणीनं त्याला खळ्यावर चारचौघांत चोर म्हटलं, म्हणून त्यानं तिची कडब्याची गंज पेटवली. वारा सुटलेला. अकरा घरं गेली. दावणीचे बैल सोडवताना राहीबाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, आणि बैल काही वाचले नाहीत. विझवायला पाणी आणणार कुठून? नदी अर्ध्या कोसावर.

गाव चावडीवर जमलं. पाटील म्हणाले, "याला शिवेपार करा. पुन्हा तोंड दाखवायचं नाही." एवढंसं पोर रानात किती दिवस जगलं असतं, तुम्हीच सांगा.

तेव्हा ठकाई उठली. म्हणाली, "आग यानं लावली, आता पाणीही यालाच आणू द्या. राहीच्या रानात पाच परसांवर पाणी आहे. एकट्यानं खणू दे. नाही लागलं, तर याच्याबरोबर मीही शीव ओलांडते."

परस ठाऊक आहे ना? खणणाऱ्यानं दोन्ही हात वर केले की टाचेपासून बोटांपर्यंत भरतं तेवढं माप. पाटलांनी केरबाला उभं केलं, त्याच्या परसाची कळकाची काठी तोडली आणि चावडीत टांगून ठेवली.

ज्याचं रान त्याची भाकरी, ही आपली रीत. तेव्हा खणणाऱ्याला जेवू घालणं राहीबाईकडंच आलं. पहिल्या वर्षी ती काठावरून भाकरी फेकायची आणि वळून बघायची नाही. दुसऱ्या वर्षी भाकरीवर कांदा आला. त्या भाजल्या हातातून भाकरी घेताना एकदा केरबा हमसून रडला. "काकू, माझं चुकलं," म्हणाला. ती म्हणाली, "जेव आधी." तिसऱ्या वर्षी तर ती वाकून ओरडायला लागली, "मुडद्या, वर ये, कालवण निवतंय." त्याच्या घणाचा आवाज सात गावांत जायचा आणि बाया त्या तालावर दळायच्या, असं म्हणतात.

मग पाटील काठी घेऊन मोजायला आले. पाच परस भरले होते, आणि तळ कोरडा ठणठणीत. ठकाईनं गाठोडं बांधलं. केरबा वर आला, त्याला कुणाकडं बघवेना.

राहीबाईनं पाटलांच्या हातातली काठी ओढून घेतली आणि केरबाशेजारी उभी धरली. "हात वर कर रे." काठी त्याच्या डोक्याशीच संपली.

"पाटील," ती म्हणाली, "परस खणणाऱ्याचा असतो. ज्याच्या मापाची ही काठी, ते पोर आहे कुठं? मला तर दिसत नाही. याच्या मापानं चारच परस झालेत."

पाटलांनी पहार उचलून पुन्हा केरबाच्या हाती दिली. ठकाई गाठोड्यावर बसून जी हसायला लागली, ती थांबेचना.

केरबा पुन्हा उतरला. आठव्या दिवशी पहार खडकात गेली आणि तिच्यामागून पाणी उसळलं. त्या पाण्यानं त्याला अलगद उचलून राहीबाईच्या पायाशी आणून ठेवलं, असं म्हणतात. पहिलं पाणी ती त्याच्याच ओंजळीतून प्याली. हलगी तीन दिवस वाजत होती.

ठकाईला पाणी खरंच कळलं होतं, की तिनं थाप मारली होती? कुणी विचारलं की म्हणायची, "फांदी वाकली होती बाबा. पाण्याकडं की पोराकडं, ते मी कशाला बघू?"

आजही बोरखडीत कुणा पोराच्या हातून मोठा गुन्हा घडला, तर निकालाआधी त्याला त्या विहिरीवर नेतात आणि त्याच्या परसाची काठी तोडतात. दर पाडव्याला पुन्हा मापतात. पोरानं काठी मागं टाकली की गाव त्याच्या शिक्षेचा नव्यानं विचार करतं.

मापताना एखादा हळूच टाचा उचलतो. सगळ्यांना दिसतं. ठकाईच्या गावात त्याला खाली हो म्हणायची रीत नाही.