मायाळू वजनकाटा

काटे बोलत असत त्या काळी एका अंगणवाडीत एक मायाळू वजनकाटा टांगलेला होता. झोळीत किडकिडीत बाळ आलं की त्याचा जीव तुटे, आणि आपल्या पदरचं थोडं घालून तो वजन जास्तच दाखवी. आई हसे. काट्याला बरं वाटे.

वर्षाच्या तपासणीसाठी तो प्रयोगशाळेत गेला. तिथल्या, काटे तपासायच्या प्रमाण वजनानं त्याची लबाडी लगेच ओळखली.

"मी आयांना हसवतो," काटा म्हणाला.

"त्या हसण्यानं बाळाचं पोट भरतं का रे?" वजन हळूच म्हणालं. "मलासुद्धा तपासणीसाठी माझ्याहून अचूक अशा थोरल्या वजनापुढे उभं राहावं लागतं. तेव्हा कुठे माझ्या शब्दाला किंमत येते."

काटा दुरुस्त होऊन, कपाळावर प्रमाणपत्राची चिठ्ठी लावून परतला. सुगंधानं आपल्या दीड वर्षाच्या लेकीला, मैनाला, झोळीत ठेवलं. काट्यानं खरं तेच दाखवलं.

"अगं बाई, एवढंच?" सुगंधाचे डोळे भरून आले.

"रडू नकोस गं," अंगणवाडीच्या वत्सलाताई म्हणाल्या. "कळलं ते बरं झालं. आजपासून हिला जास्तीचा आहार."

थंडी सरता सरता मैना पुन्हा झोळीत बसली आणि झोळी चांगलीच खाली ओढली गेली. सुगंधा हसली.

या खेपेला काट्यानं पदरचं काहीच घातलं नव्हतं.