मानाची जागा

चूक ब्रेकआजोबांचीच. फार पूर्वी फटफटीच्या हँडलवर जो तो आपली जागा निवडायचा, तेव्हा आजोबांनी सगळ्यात उंच जागा धरली.

“आजोबा, तिथं बोटं पोचायची नाहीत,” क्लच म्हणाला.

“मोठ्यांनी खाली यायचं नसतं. बोटं येतील वर, पाया पडायला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्यांपुढे डोलावतातच.

घाटात म्हैस आडवी आली. स्वाराची नजर म्हशीवरून हलली नाही, तरी अंगठ्याला हॉर्न सापडला, डाव्या बोटांना क्लच सापडला, जणू प्रत्येक बोटाला डोळा होता. आजोबा थक्क झाले. मग उजवी बोटंही तशीच, न बघता, ब्रेक असायला हवा तिथं आली आणि त्यांच्या मुठीत नुसती हवा आली.

स्वार गवतात पडून वाचला. आजोबा दगडावर आपटून तुटले. त्यांना पुन्हा कुठल्याच हातानं धरलं नाही.