उंबराच्या पुढचा दगड

घड्याळं अजून जन्माला यायची होती, त्या काळातली ही गोष्ट. एका उंच डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला धावण्याचं वेड होतं. वेड म्हणजे अगदी वेडच! वरात निघाली तर नवरदेवाचा घोडा मागे राहायचा आणि वऱ्हाड आधी मांडवात पोचायचं.

वर्षातून एकदा, सुगी आटोपली की, तिथे वाटीची धाव व्हायची. देवळासमोर पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ ठेवायचे आणि त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायचे. वाटी पाण्यावर टेकली की धावणारे डोंगराच्या वाटेने खिंडीकडे सुटायचे. भोकातून पाणी चढत चढत वाटी बुडाली की नगारा वाजायचा. त्याचा आवाज डोंगरात घुमायचा, आणि तो कानावर पडला की धावणाऱ्याने जिथल्या तिथे थांबायचं. मग तो उभा असेल तिथे वाटेच्या कडेला त्याच्या नावाचा दगड रोवला जायचा. दगड येण्याआधी जागा सोडली, तर दगड नाही. कायदा एवढाच होता, पण फार कडक होता.

ज्याचा दगड सगळ्यांत पुढे, त्याचा मान मोठा. दर वर्षी बाकीच्यांचे दगड त्यानेच आपल्या हाताने रोवायचे आणि धावेवरून वाद झाला तर न्यायही त्यानेच करायचा.

हा मान बरीच वर्षं हैबतीबाबांकडे होता. तरणेपणी ते थेट उंबराच्या झाडापर्यंत धावले होते. त्यांचे केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, पण उंबराच्या पुढे कुणाचाही दगड गेला नाही. बाबा रोज संध्याकाळी काठी टेकत जायचे आणि आपला दगड पंच्याने पुसून यायचे.

त्या दगडाला पाठ टेकून रोज आणखी एक जण बसायची. तिचं नाव चिमा. ती शेळ्या राखायची. शेळ्यांमागे डोंगर चढून तिचे पाय वाऱ्यासारखे झाले होते. उंबराच्या सावलीत बसून ती पुढच्या मोकळ्या वाटेकडे बघायची आणि मनात म्हणायची, ‘माझा दगड इथून पुढं. हातभर का होईना, पण पुढं!’

हेच स्वप्न तिचा मित्र केरबा बघत होता. केरबा गिरणीवाल्याचा मुलगा, अंगाने दांडगा, मनाने चांगला आणि डोक्याने जरा उतावळा. दर वर्षी तो उंबर दिसेपर्यंत पोचायचा आणि नगारा वाजायचा. त्याची आई म्हणायची, “उंबर बघून आलास व्हय? फळं तरी आणायचीस!” आणि बिचारा कानापर्यंत लाल व्हायचा.

त्या वर्षी गावात एक नवलाची गोष्ट घडली. जोडे शिवणाऱ्या रावजीने एक वेगळाच जोडा बनवला. चामड्याच्या दोन थरांमध्ये त्याने काथ्या भरला आणि मधोमध वेताची वाकवलेली पट्टी बसवली. पाय टेकला की पट्टी दबायची आणि पाय उचलला की माणसाला पुढे ढकलायची! चिमाने तो घालून बघितला आणि एकदा सहज धावली, तर तिच्या शेळ्या ओरडत मागे राहिल्या.

झालं, गावात दोन तट पडले. पारावर ही गर्दी! चुलीवरचं कालवण करपलं तरी कुणी उठेना.

“जोडा धावतो का माणूस धावतो?” एक म्हणाला.

“मग जोडा एकटाच सोडा की वाटेवर! बघू कुठवर जातो!” दुसरा म्हणाला.

सगळे हैबतीबाबांकडे बघू लागले. न्याय त्यांनी करायचा होता आणि दगडही त्यांचाच मागे पडणार होता. बाबांच्या मनाने खरं तर तेव्हाच काय ते ठरवलं होतं. ते काठी आपटून म्हणाले, “मी अनवाणी धावलो. माझ्या पायाला काटं टोचलं. आता पोरांनी गादीवरनं धावायचं? चालायचं न्हाई!”

तेवढ्यात मागून कुणीतरी खुदकन हसलं. ती गोदाक्का होती. वाटी सोडणं आणि ती बुडेपर्यंत डोळ्याची पापणी न हलवता बघणं, हे तिचं काम. गावात ती कुणाच्या बापाला भीत नव्हती.

“हैबतीदादा,” ती म्हणाली, “तुम्ही धावलात त्या साली वाटेवरनं राजाची पालखी जायची होती. आठवतं का? सगळ्या गावानं वाट झाडली, खडं वेचलं, पाणी मारलं. कुठलं काटं टोचलं तुम्हाला?”

बाबांची मान खाली गेली. त्यांना फार लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

“खरं हाय अक्का,” ते म्हणाले. “ती वाट मी झाडली न्हवती. माझ्या दगडात गावाचा झाडू बी हाय. मग रावजीच्या जोड्याला मी कोण अडवणार? पण दोन गोष्टी. जोडा लपवून वापरायचा न्हाई. ज्याला हवा त्याला मिळंल असा देवळापाशी टांगून ठेवायचा. आणि जो घालून धावंल त्याच्या दगडावर जोड्याची खूण कोरायची. बघणाऱ्याला कळू दे, कोण कसा धावला.”

काय आनंद झाला म्हणून सांगू! रावजीने घरच्यांना हाताशी घेऊन सगळ्या धावणाऱ्यांसाठी जोडे शिवले. देवळाच्या ओवरीत जोड्यांची तोरणंच लागली. सराव सुरू झाला, आणि सगळ्यांना दिसलं की सारखे जोडे घातल्यावरही चिमाच पुढे आहे. केरबाने दात-ओठ खाऊन पाय मारले, तरी ती पुढेच.

आणि अशा वेळी गावात एक औषधवाला आला. रेशमी रुमाल, गोड जीभ, आणि गाढवावर हिरव्या काढ्याच्या बाटल्या. गावात कशाची चर्चा चालली आहे ते त्याने हेरलं आणि तो थेट पारावर उभा राहिला.

“मंडळी, हा काढा प्या आणि थकवा विसरा! तुम्ही जोडा चालवून घेतलात ना? मग काढा का नको? मी तर उघड विकतो आहे. सगळ्यांना देतो. हवी तर दगडावर बाटलीची खूण कोरा!”

आता मात्र पंचाईत झाली. बोलणं बिनतोड होतं. शहाणीसुरती माणसं डोकं खाजवू लागली. हैबतीबाबा मात्र साधेपणाने म्हणाले, “जोडा नकोसा झाला तर पायातनं काढून ठेवता येतो. तुमचा काढा काढून कसा ठेवायचा?”

“तो आपोआप उतरतो.”

“कधी?”

औषधवाला जरा घुटमळला. “त्याची मर्जी झाली की.”

“मग आमच्या पोरांच्या मर्जीचं काय?” बाबा म्हणाले. “आणि एकानं प्याला की बाकीच्यांना प्यावाच लागंल, न्हाईतर घरी बसावं लागंल. न्हाई बुवा. काढा न्हाई.”

अखेर धावेचा दिवस उजाडला. देवळासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरं झाडांवर, म्हातारी माणसं बैलगाड्यांवर आणि बाकीचं गाव वाटेच्या दोन्ही बाजूंना. चिमा आणि केरबा देवळामागच्या आडावर पाणी प्यायला गेले, तर तिथे औषधवाला उभा! त्याने हळूच दोन छोट्या बाटल्या पुढे केल्या.

“उंबर काय, खिंड गाठाल खिंड! कुणाला कळणार आहे?”

चिमाचा हात पुढे झाला. खरंच झाला, खोटं कशाला सांगू? खिंडीपर्यंत आजवर कुणी मायचा लाल एका वाटीत पोचला नव्हता. पण बाटलीला बोटं लागणार तेवढ्यात तिला बाबांचं बोलणं आठवलं. काढून कसा ठेवायचा? तिने हात मागे घेतला.

“नको. चल केरबा,” म्हणत ती पळतच देवळाकडे गेली. केरबा मागून येतोच आहे असं तिला वाटलं. तो आला खरा, पण येताना ओठ पुसत आला.

गोदाक्काने वाटी वर धरली. वाटी पाण्यावर टेकली आणि एकच आरोळी उठली!

काय ती धाव! धुळीचे लोट उठले. पहिल्या वळणावर चिमा पुढे होती. ओढा आला, तो तिने एका उडीत पार केला. चढ लागला आणि तिच्या कानाशेजारून काहीतरी सूं करून गेलं. तो केरबा होता! घामाचा थेंब नाही, धाप नाही. लोक बेभान झाले. “केरबा! केरबा!” बघता बघता त्याने उंबर ओलांडला. टोप्या आणि पागोटी हवेत उडाली. केरबाच्या आईने तर शेजारणीला मिठीच मारली.

चिमाच्या छातीत भाता चालला होता. पाय म्हणत होते, बस कर. ती पायांना म्हणत होती, ते बघ, उंबर दिसतोय! ते बघ, माझा रोजचा दगड! आणखी थोडं, आणखी थोडं! तिने सगळा जीव एकवटला, दगड मागे टाकला, आणि त्याच क्षणी नगारा घुमला.

धडाडधूम!

चिमा थांबली. तिने खाली बघितलं. तिची पावलं हैबतीबाबांच्या दगडाच्या पुढे होती. हातभर पुढे, जास्त नाही. पण पुढे! तिला हसू आलं आणि रडूही आलं.

मग तिने वर बघितलं आणि तिचं हसू मावळलं. केरबा थांबला नव्हता.

“अरे थांब! नगारा झाला!” लोक ओरडले. काही जण हसलेसुद्धा. पण केरबा पळतच होता. त्याने मान मागे वळवली तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“थांबता येईना!” तो किंचाळला. “पाय ऐकंनात! कुणीतरी धरा मला!”

पुढे खिंड होती आणि खिंडीपलीकडे खोल कडा. त्याला गाठू शकेल असं सगळ्या गावात एकच माणूस होतं. आणि त्या माणसाने जागा सोडली, तर त्याचा दगड जाणार होता.

चिमाने एक क्षण खाली बघितलं. मग तिने जोड्यांचे बंद ओढले, पाय बाहेर काढले आणि अनवाणी सुटली. जोडे उभे होते तिथेच उभे राहिले.

तिच्या पायांत खडे रुतले, काटे मोडले. ती धावली. थकवा वगैरे सगळं होतं तसंच होतं, तरी धावली. केरबा वाटेतली झुडपं धरून स्वतःला रोखू बघत होता, म्हणून अंतर कमी होत गेलं. अगदी खिंडीच्या तोंडाशी तिने झेप घेऊन केरबाची कंबर धरली, आणि दोघंही करवंदीच्या जाळीत कोलमडली. चिमा त्याच्या पायांवर बसली, तरी पाय आपले चालूच! शेवटी खिंडीतल्या मेंढक्यांनी येऊन त्याला घोंगडीत गुंडाळून खाली नेलं. दिवस कलेपर्यंत ती घोंगडी लाथा झाडत होती. आई शेजारी बसून त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती आणि एकदाही उंबराचं नाव काढत नव्हती. औषधवाला तर गाढवासकट पसार झाला होता; त्याच्या तळावर नुसती तंबूच्या खुंट्यांची भोकं उरली होती.

चिमा लंगडत उंबरापाशी आली, तर तिथे मोठा वाद पेटलेला.

“केरबा खिंडीत पोचला! त्याचा दगड खिंडीत लावा!” कुणीतरी म्हणालं.

गोदाक्का कडाडली, “नगारा झाला तेव्हा तो थांबलाच न्हाई, दगड लावायचा कुठं? त्याच्या पायांच्या मागं मागं फिरवायचा काय?”

“मग चिमानंही जागा सोडली! तिलाही न्हाई!”

सगळे पुन्हा हैबतीबाबांकडे वळले. बाबा वाकून चिमाच्या रिकाम्या जोड्यांकडे बघत होते. एक शब्द बोलले असते तर त्यांचा दगड सगळ्यांत पुढेच राहिला असता. गुडघ्यावर हात ठेवून ते हळूहळू उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“पोरीनं जागा सोडली न्हाई,” ते म्हणाले. “जोडं राखणीला ठेवून गेली. जे काढून ठेवता येतं ते तिनं काढून ठेवलं, म्हणून तर आज पोरगा जित्ता हाय. आणा दगड!”

कुणाला हात लावू न देता त्यांनी स्वतः खड्डा खणला आणि चिमाच्या नावाचा दगड आपल्या दगडाच्या पुढे रोवला. त्यावर जोड्याची खूण कोरली. मग चिमाने हट्ट धरून बाबांच्या दगडावरही एक खूण कोरून घेतली. झाडूची! बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या रात्री गावभर लेझीम दणाणली.

चिमा अनवाणी खिंडीपर्यंत धावली, ती धाव मात्र कुणी मोजली नाही. वाटी तर केव्हाच बुडाली होती.

पुढच्या वर्षी केरबा पुन्हा धावला, फक्त स्वतःच्या पायांवर आणि रावजीच्या जोड्यांवर. काढ्याच्या तडाख्यातून पाय अजून पुरते सावरले नव्हते. ओढा ओलांडला न ओलांडला, तोच नगारा वाजला. आता दगड रोवण्याचा मान चिमाचा होता. ती दगड घेऊन आली, तर केरबा उन्हात खांबासारखा उभा होता आणि गालातल्या गालात हसत होता.

“काय रे, एवढ्यातच?” चिमाने चिडवलं.

“एवढ्यातच,” केरबा म्हणाला. “पण थांब म्हणालो, तेव्हा थांबले बघ. पाय माझे हायत!”

चिमाने त्याचा दगड घट्ट रोवला.

तात्पर्य: पुढे जायला मदत जरूर घ्यावी, पण ती चार लोकांना दिसेल अशी आणि हवी तेव्हा पायांतून काढून ठेवता येईल अशी असावी. जी मदत आपल्यालाच थांबू देत नाही, तिने गाठलेली जागा आपली नसते.