तोंड उघडण्याआधी

"हाक का मारली न्हाईस?"

नीलाक्कांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. विरूपाक्षानं मान खाली घातली आणि पाटीकडे हात नेला.

"पाटी ठेव खाली."

त्यानं ठेवली.

मठाच्या मागच्या खोलीत हैबतीआबा कुशीवर निजले होते. मेंढ्या राखणारा हा म्हातारा झटका येऊन माळावर पडला, तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. त्याचं कुणी नव्हतं म्हणून अक्कांनी त्याला मठात आणलं. आता आबांचा श्वास खरखरत का होईना, चालू होता. मघाशी तोही थांबत आला होता.

आबांचं तोंड रोज पुसायचं काम अक्कांनी आपल्या या शिष्याला दिलं होतं. कसं पुसायचं तेही स्वतः शिकवलं होतं. आधी कुशीवर वळवायचं, गालाखाली फडकं घालायचं, मग काडीला गुंडाळलेलं ओलं कापड चांगलं पिळून हिरड्यांवरून, जिभेवरून हळू फिरवायचं. पाणी ओतायचं नाही. शुद्ध नसलेल्याला गिळता येत नाही, ते सरळ छातीत उतरतं, हे तर बजावून सांगितलं होतं.

पण आज विरूपाक्षाची ध्यानाची वेळ टळत होती. त्यानं आबांना उताणंच ठेवलं आणि वाटीभर पाणी तोंडात रिकामं केलं.

आबा घुसमटले. ओठ काळेनिळे पडले.

कुडापलीकडे चुलीपाशी अक्का भाकरी थापत होत्या. त्या थपथपीत त्यांना काही कळलं नाही. एक हाक पुरली असती. पण विरूपाक्षानं वर्षाचं मौन धरलं होतं आणि ते पुरं व्हायला थोडेच दिवस उरले होते. मग अक्का त्याच्या कपाळी भस्म लावणार होत्या, कानात मंत्र देणार होत्या. म्हणून हा शहाणा पाटी शोधायला गेला. पाटीवर त्यानं लिहिलं, आबांचा श्वास अडकला आहे. अक्षर नेहमीसारखं सुबक होतं. ती पाटी घेऊन तो अक्कांपुढे जाऊन उभा राहिला.

अक्का पिठाच्या हातांनीच धावल्या. आबांना कुशीवर घेतलं, डोकं खाली केलं. पाणी बाहेर पडलं. बऱ्याच वेळानं ओठांना रंग आला.

आबांच्या खांद्यावर अजून पिठाची बोटं उठलेली होती.

"मी तव्याकडं बघत हुते," अक्का म्हणाल्या. "भाकरी उलटली मी. तवर तू तिथंच उभा हुतास?"

विरूपाक्षानं मान डोलावली.

"पाटी धरून?"

...

आता त्यालाही राग आला. वर्षभर जिभेला आवर घातला तो काय असं ऐकून घ्यायला? त्यानं पाटी उचलली आणि लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की पेन्सिल मोडली.

व्रत मोडलं असतं.

अक्कांनी वाचलं. त्यांचा चेहरा असा तापला की विरूपाक्ष एक पाऊल मागे सरला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पाटी त्याच्या हातातून काढून घेतली आणि आबांच्या उशाशी ठेवली. आबांची मूठ उघडून मोडक्या पेन्सिलीचा तुकडा तिच्यात ठेवला.

तुकडा घरंगळून खाली पडला.

"ह्यांचं बी मौन हाय," अक्का म्हणाल्या. "तुझ्यापरास कडक. हाक मारली न्हाई त्यांनी, मरताना सुद्धा."

कोनाड्यातलं भस्म त्यांनी बोटांवर घेतलं. विरूपाक्षाचं कपाळ तिथंच होतं, हातभर अंतरावर. अक्कांनी ते भस्म आबांच्या कपाळावर ओढलं.

...

विरूपाक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की लाजेचं, त्याचं त्यालाही कळलं नसावं. तो खाली बसला. आबांच्या गालाखालचं भिजलेलं फडकं काढून कोरडं घातलं. काडीला नवं कापड गुंडाळलं, बुडवलं, थेंब गळायचा थांबेपर्यंत पिळलं. मग आबांच्या हनुवटीला हात घातला.

अक्कांनी त्याचं मनगट धरलं.

"न सांगता?"

त्यानं वर पाहिलं. शुद्धच नाही त्याला काय सांगायचं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याला पाटी लागली नाही.

अक्का वाकल्या. दीक्षेच्या दिवशी त्या जशा वाकतील असं त्यानं वर्षभर मनात पाहिलं होतं, अगदी तशाच त्याच्या कानाशी वाकल्या. विरूपाक्षानं डोळे मिटून घेतले.

"'आबा, तोंड उघडतोय. भिऊ नका.' एवढं त्यांच्या कानात म्हण."

मनगट सोडून त्या दाराकडे निघाल्या. पलीकडे भाकरी करपल्याचा वास सुटला होता. उंबऱ्यात त्या थांबल्या, पण मागे वळून पाहिलं नाही.

"आन् मला चुलीपाशी ऐकू आलं पायजे."